देवबनातली नागछत्री

१८ एप्रिल

बर्फ गेलं. बूट देवबनाच्या कडेला काढले, गवताच्या पुला पायात घातल्या आणि आत शिरले. मोजपट्टीचं चामड्याचं घरही बुटांपाशीच ठेवलं — कातडं आत चालत नाही. नुसती पट्टी गळ्यात.

तोसाच्या झाडांखाली सगळं ओलं, काळं, गार. डोळे सरावायला वेळ लागला. मग एक दिसली, मग तिच्या शेजारी दुसरी, मग सगळीकडे. नागछत्र्या! अजून उघडलेल्या नाहीत. तीन पानं एकात एक गुंडाळून, मान खाली घालून मातीतून वर येतात. कोणीतरी पट्टू डोक्यावरून ओढून झोपलं होतं आणि आता हळूच उठतंय, असं वाटतं.

पालमपूरच्या प्रयोगशाळेत हिला बाटलीत वाढवायचे माझे सगळे प्रयत्न फसले. बाटलीत ती कुजते. म्हणून संस्थेने मला माझ्याच गावी परत पाठवलं आहे — बी गोळा कर, रोपं कर. बी मातीत पडलं की पहिल्या हिवाळ्यानंतर फक्त मूळ सोडतं. वर काहीच दिसत नाही. दुसऱ्या हिवाळ्यानंतर एकच पान. फूल यायला पुढे आणखी कितीतरी वर्षं. हा वेग मला आवडतो. हे कोणाला सांगितलेलं नाही.

ओढ्यापलीकडच्या रानात आता एकही उरली नाही. मुळं खणून, वाळवून, पोत्यांत भरून खाली गेली. इथे आहेत त्या एवढ्याचसाठी, की हे बन नागदेवाचं आहे आणि नाग खणू देत नाही.

२३ एप्रिल

माझे वडील, बापू, देवळाच्या ओट्यावर ऊन खात बसले होते. उजवा हात मांडीवर. अंगठा पहिल्या बोटावर फिरत होता, लोकर कातताना फिरतो तसा. हातात लोकर नव्हती.

२४ एप्रिल

तो हात कारदार टेकचंद चाचांनीही पाहिला. देवाचा सगळा कारभार त्यांच्याकडे. वाकून त्यांनी बापूंच्या हातावर कपाळ टेकवलं! म्हणाले, "नाग आता गुरावरून उतरतच नाही. भाग्य गावाचं."

बापू नागाचे गूर आहेत. ढोल वाजले की नाग त्यांच्या अंगात येतो, अंग कापतं, आणि तो त्यांच्या तोंडून बोलतो. मी हे पाळण्यात असल्यापासून बघत आले. ते कापणं मला पाठ आहे. सबंध अंगाचं असतं, ढोलाबरोबर येतं आणि ढोलाबरोबर जातं. हे तसं नाही. ढोल नाही, गर्दी नाही, आणि एकच हात.

"देवच आहे गं त्यात," आमा, माझी आई, चुलीपाशी बसून म्हणाली आणि सिड्डूवर तुपाची धार धरली. मी खाल्लं.

२ मे

पानं उघडली. तीन, एकमेकांपासून अगदी सारख्या अंतरावर. कोणी कोनमापक लावून बसवल्यासारखी. मधोमध फूल. ते म्हणजे दिसायला काहीच नाही. सहा अरुंद पाकळ्या, मातीकडे झुकणारा जांभळा रंग. वाटसरू असता तर पाय देऊन पुढे गेला असता.

धुकं आज बनातच थांबलं. धुक्यात मोजणी होत नाही, म्हणून खाली बसले. तोसांचे बुंधे दिसेनासे झाले, मग जवळचे दगड, मग माझ्या पुला. उरल्या फक्त छत्र्या — जमिनीपासून वीतभर वर, दांड्यांशिवाय, नुसत्या तरंगत. कुठून तरी पाणी ठिबकत होतं. मी आहे की नाही हे तपासायला पट्टी हातात घट्ट धरली होती.

आजच्या कामाच्या नोंदीत लिहिलं: धुकं. मोजणी नाही.

५ मे

खिमी भाभी भेटली — माझ्या चुलतभावाची बायको. पाठीवर किलटा, हातात विळा, तोंड नेहमीसारखं चालू.

"काय गं मॅडम, आज कोणत्या फुलाला दूध पाजलंस?"

"पाजत नाही. मोजते."

"मोजून वाढतात होय? मग तुझ्या भावाचं पोटही तूच मोजत असशील!"

मी मोजलेलं नाही, असं सांगितलं. ती पोट धरून हसली. मग किलटा उतरवून माझ्याशेजारी बसली आणि सूर बदलला. गेल्या साली खणायला पार जोतापर्यंत, वरच्या खिंडीपर्यंत चढले सगळे, आणि अर्धं पोतं घेऊन उतरले. वर आता दगड आहेत. खाली बनात मात्र पाय ठेवायला जागा नाही इतकं पीक. "नागाला काय करायचीत गं एवढी मुळं? त्याचे गुडघे दुखतात का? त्याला गुडघे तरी आहेत का!"

मी हसले.

"हसू नकोस. धाकटीच्या वेळी माझं रक्त थांबेना, तेव्हा सासूने हेच मूळ दुधात उगाळून घातलं. मला काय त्या झाडाचं वैर आहे? पण तुला फुलांपायी पगार मिळतो. मला फुलं बघून काय मिळतं?"

श्रावणाच्या संक्रांतीला, जुलैच्या मध्यात, पूछ ठेवली आहे. टेकचंद चाचा नागाला सगळ्या गावासमोर विचारणार — बन खणायला खुलं करायचं की नाही.

एकदा खणलं की संपलं. ओढ्यापलीकडे तेच झालं.

९ मे

बापूंचा हात फोनवर टिपला. त्यांना कळलं नाही. ते बकरीशी बोलत होते. कुल्लूला रितूला पाठवला. ती माझ्याबरोबर शाळेत होती, आता इस्पितळात नर्स आहे. तासाभरात उलट प्रश्न: चालताना तो हात हलतो का? पाय ओढतात का? चेहऱ्यावरचं हसू कमी झालंय का?

तिन्हीची उत्तरं पाठवली.

"लवकर घेऊन ये. डॉक्टर बघतील, पण मला शंका नाही. गोळ्या लागतील. उशीर केलास तर पडतील एक दिवस."

१४ मे

बापूंना सांगितलं. आडवळणाने नाही, सरळ. हा आजार आहे, मेंदूत एक द्रव्य कमी पडतं, गोळ्यांनी हात शांत होतो.

ते सफरचंदाची फांदी छाटत होते. डाव्या हाताने.

"मग गावाला काय सांगू? नाग गोळी खाऊन गेला?"

मला हसू आलं. त्यांना आलं नाही.

अंगात खोट निघाली की गूर उठतो. गादी रिकामी पडते, नाग नवा माणूस निवडेपर्यंत — कधीकधी वर्षं जातात. तोवर निर्णय देवसमितीचे, आणि समितीला बन उघडायचंच आहे. पण नागाने एकदा गुराच्या तोंडून हुकूम दिला, की गूर राहो न राहो, नवा बसेपर्यंत तो कोणी मोडत नाही. म्हणजे बापू आज कुल्लूला गेले तर बन गेलं.

"संक्रांतीची पूछ होऊ दे," ते म्हणाले. "मग बघू."

"आणि नागाने 'उघडा' म्हटलं तर?"

"तर उघडायचं."

असं म्हणाले, जसं पाऊस आला तर भिजायचं.

१५ मे

मी सुटकेचा श्वास सोडला होता काल, ते थांबतो म्हणाले तेव्हा. हे वाक्य मला लिहायला नको होतं.

२६ मे

दुपारी बनात डोळा लागला. स्वप्नात मी मातीच्या आत होते, बियांच्या ओळीत. अंधार ऊबदार होता. वरून कोणीतरी विचारत होतं, उगवलं का? आणि मी सांगत होते — उगवलंय, पण तुम्हाला दिसणार नाही, हा पहिला हिवाळा आहे. जागी झाले तेव्हा गालाला भुसभुशीत पानं चिकटलेली. फुलांच्या पाकळ्या सुकून मागे वळल्या आहेत. मधे हिरवा मणी धरला आहे.

३ जून

बापू मागच्या पडवीत पाठमोरे बसले होते. दगडावर मूळ उगाळत होते. नागछत्रीचं, घरातलं जुनं. दुधात कालवलं, पेला तोंडाशी नेला. अर्धं दूध दाढीवर सांडलं.

"गुडघ्यासाठी," मला पाहून म्हणाले.

मी काही विचारलंच नव्हतं.

देव आहे असं वाटणारा माणूस त्यावर औषध घेत नाही. त्यांना माहीत आहे. माझ्याआधीपासून माहीत असावं.

११ जून

आज बोलले. बोलायला नको होतं.

म्हटलं, "बापू, संक्रांतीला 'नाही' म्हणा. एवढंच. मग दुसऱ्या दिवशी दवाखाना."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. चेहरा आता फारसा हलत नाही, त्यामुळे राग आधी डोळ्यांत दिसतो.

"मी म्हणू?"

"तुम्हीच तर बोलता."

"मी बोलत नाही, इंद्री. मी तिथे नसतोच. पावा काय वाजवायचं ते ठरवतो का?" मग खालच्या आवाजात, "टेकचंदही परवा येऊन गेला. लुगडीच्या दारूचं भांडं घेऊन. 'उघडा' म्हणा म्हणाला. तो त्याच्या पोत्यांसाठी, तू तुझ्या फुलांसाठी. दोघांना माझं तोंड हवंय. नाग कोणालाच नकोय."

उठून गेले. पाय ओढत.

१२ जून

बोलत नाहीत.

१७ जून

बापू देवळाच्या पायऱ्यांवरून पडले. भुवईपाशी फुटलं. चारजणांनी उचलून आणलं, आणि अंगणात भक्तीने बोलणं चालू — "नागाने आपटलं." "केवढं तेज असेल!" एका म्हातारीने रक्ताचा थेंब बोटावर घेऊन कपाळाला लावला!

मी जखम धुतली. हाड शाबूत. खोल नाही. बाहुल्या दोन्ही सारख्या. हे सगळं तपासलं आणि मग पट्टी दोनदा सोडून पुन्हा बांधली.

१८ जून

त्यांच्या खाटेपाशी जाऊन सांगितलं, "चला कुल्लूला. उद्याच. मला बन नको."

"नको?"

"नको."

"परत म्हण."

परत म्हटलं.

"इतकी वर्षं बाटल्यांत डोळे घालून बसलीस. आणि नको?"

"तुम्ही पायऱ्यांवर मरून पडलात तर मी ते बन घेऊन काय करू!"

आमा दारात येऊन उभी राहिली. या घरात माझा चढलेला आवाज तिने ऐकलेला नाही. मीही नाही.

बापू पट्टी बांधलेल्या भुवईखालून बघत होते. हात गोधडीवर थरथरत होता, त्यांनी तो लपवला नाही. प्रथमच.

"संक्रांतीनंतर," म्हणाले. "शब्द देतो. तोवर तू माझा हात धरून पायऱ्या उतरव."

यापेक्षा जास्त मिळणार नाही. मला बापू माहीत आहेत.

१ जुलै

पायऱ्या उतरवते. चढवते. ते म्हणतात, मी मेंढी चालवल्यासारखी चालवते.

८ जुलै

बापू म्हणाले, मला दाखव तुझं पीक. दोघं पुला घालून बनात गेलो. पाऊस थांबून थोडाच वेळ झालेला, झाडं अजून गळत होती. प्रकाश हिरवा, पाण्याखालून बघितल्यासारखा.

मणी आता पिकत आले आहेत, काही लाल. एक फुटलेला होता. त्याच्या बियांना पांढरा, तेलकट तुकडा चिकटलेला असतो. मुंग्या त्यासाठी बी ओढून नेतात, तुकडा खातात आणि बी बिळाशी टाकून देतात. बनात नागछत्री अशी पसरते, मुंगीच्या चालीने. बापूंना दाखवलं. ते गुडघ्यांवर बसले, मग पोटावर आडवे झाले — गूर, नागाचे! — आणि गाल जमिनीला टेकवून मुंग्या बघत राहिले.

"आमच्या लहानपणी," ते तसेच बोलले, "लाल मणी गळाल्यावरच खणायचे. आणि मुळाचा डोळा तोडून परत मातीत ठेवायचे. वर तांदळाची चिमूट. पोतं कोणी नेत नव्हतं. चोळीच्या गाठीत मावेल एवढंच."

हात लांब करून त्यांनी एका पानाखाली तळवा धरला. पान थरथरू लागलं. वारा नव्हता. आजूबाजूच्या सगळ्या छत्र्या स्तब्ध, आणि ती एकच हलते आहे. आम्ही दोघं तिच्याकडे बघत राहिलो, किती वेळ ते मोजलं नाही.

१६ जुलै

संक्रांत. पूछ झाली. जसं झालं तसं लिहिते.

नागाचा रथ अंगणात आणला. ढोल, नगारे, करनाळ. सगळं गाव. बापू पायघोळ चोळा घालून, डोक्यावर टोपी, पुढ्यात धुपाचं धडछ ठेवून रथासमोर बसले. टेकचंद चाचांनी हात जोडून विचारलं, "महाराज, तुमची लेकरं विचारतात. रान संपलं. तुमचं बन खुलं करावं की न करावं?"

आता टोपी पडायला हवी. नाग अंगात आला की गुराची टोपी आपोआप गळते आणि केस सुटतात, ती खूण. कोणी हात लावायचा नाही, गुरानेही नाही. टोपी पडेपर्यंत जे बोललं जातं ते माणसाचं.

पडेना. ढोल वाजत राहिले. ढोलियांचे खांदे भरून आले, एकाने दुसऱ्याला टिपरी दिली. बापू डोळे मिटून बसलेले, मांडीवरचा उजवा हात तेवढा कापत होता, रोजच्यासारखा. माणसं कुजबुजू लागली. "ये महाराजा, अंगात ये," टेकचंद चाचा. मला वाटलं, संपलं. बापू उठून सांगणार, येत नाही. मी त्यांना पायऱ्या कशा उतरवायच्या याचा विचार करत होते.

मग मान एकदम मागे गेली. टोपी पडली! केस सुटून तोंडावर आले, सबंध अंग कापायला लागलं, आणि आवाज — तो आवाज मी लहानपणी ऐकलाय, छातीच्या खालून येतो.

"छत्री कुणाची?"

"तुमची, महाराज!" सगळं अंगण.

"मग उपटून मला पावसात बसवता?"

टेकचंद चाचांनी मान खाली घातली.

"बाईचं रक्त वाहत असेल तर एक मूळ घ्या. डोळा मातीला परत द्या. पोत्याला माझ्या बनात वाट नाही. बन बंद!"

ढोल थांबले. धडछ उचलून धरलेला उजवा हात त्या वेळी पूर्ण स्थिर होता. मी नीट पाहिलं. काम करत असताना हा कंप थांबतो, रितूने सांगितलंय. ठीक आहे. ते खरंच आहे. पण मी हे उभी राहून आठवत नव्हते. खिमी भाभीने मला कोपर मारलं, म्हणाली, "बघ तरी स्वतःकडे." मी गुडघ्यांवर होते. हात जोडलेले. गाल ओले. कधी बसले ते मला सांगता येणार नाही.

१७ जुलै

भाभी सकाळी आली. मला वाटलं भांडायला. किलटा टेकवून उभी राहिली. "नागच बोलला, त्याच्याशी काय वाद घालणार! मला वाटलं होतं तुझा बाप बोलेल, मग मी बघून घेतलं असतं." जाता जाता, "बाईचं रक्त म्हणाला. ऐकलंस ना? आमची आठवण आहे त्याला." तिचे डोळे भरले होते. मी तिला चहा दिला.

दुपारी बनात गेले. पट्टी नेली नाही. तांदळाची चिमूट नेली होती. जिथे बापूंनी हात धरला होता तिथे ठेवली. कोणासाठी, ते लिहायला मला अजून जमत नाही. धुकं पायांशी आलं, वर चढलं, मला घेऊन बसलं. मी आयुष्यभर सगळ्याच्या बाहेर उभी राहून बघत आले. आज आत होते.

१९ जुलै

पहाटेची कुल्लूची बस. निघण्याआधी बापू टेकचंद चाचांच्या घरी जाऊन घंटा आणि धडछ, गुराच्या गादीच्या खुणा, परत देऊन आले. मी म्हटलं, डॉक्टरांनी अजून काही सांगितलेलं नाही, घाई कशाला? ते बसमध्ये खिडकीशी जाऊन बसले. बंजार गाव मागे पडलं. खिडकीबाहेर नदी होती, तिच्याकडे बघत म्हणाले:

"नाग आला नव्हता, इंद्री. मी खूप वाट पाहिली. टोपी मी पाडली."